शिखर नसलेला ज्वालामुखी

सुरतेलगतचे उधना हे यंत्रमागांचे ठिकाण. तेथे राबणाऱ्यांत खानदेशातून आलेली मराठी व अहिराणी बोलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. सणावाराला ही मंडळी ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने गावाकडे निघतात. बारडोली, व्यारा, सोनगड ही स्थानके मागे पडतात. अर्धे गुजरातेत व अर्धे महाराष्ट्रात असलेले नवापूर येते. आणि खिडकीबाहेर काळ्या कातळाच्या टेकड्या दिसू लागतात. या टेकड्या म्हणजे थिजलेला अग्नी होय, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

त्याचे कारणही उघड आहे. ज्वालामुखी म्हटला की निमुळता पर्वत डोळ्यांपुढे उभा राहतो. जपानच्या दायसेन-ओकी राष्ट्रीय उद्यानातील दायसेन हा १,७२९ मीटर उंचीचा, हजारो वर्षांपूर्वी शांत झालेला ज्वालामुखी पश्चिमेकडून पाहिल्यास थेट फूजी पर्वतासारखा भासतो. खानदेशात तसा ज्वालामुखी पर्वत दिसत नाही. मग येथे हा अग्नी आला कोठून?

याचे उत्तर शिलारसाच्या प्रकृतीत आहे. दायसेनच्या शिलारसात सिलिकेचे प्रमाण अधिक, म्हणून तो दाट होता. तो दूर वाहू शकला नाही. मुखापाशीच साचत गेला व पर्वत उभा राहिला. दख्खनचा शिलारस पातळ होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि दूरवर पसरला. एका थरावर दुसरा थर चढला. झीज होऊनही हा खडक आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. त्याच्या थरांची झीज होऊन डोंगरांना पायऱ्यांचा आकार आला. म्हणून पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून त्यास ‘ट्रॅप’ हे नाव मिळाले. अजिंठा-वेरूळची लेणी याच खडकात कोरलेली आहेत आणि कापसाची काळी जमीनही याच्याच झिजेतून बनली आहे.

काही शिलारस मात्र भेगांतच थिजून राहिला. सभोवतालचा खडक झिजला, तरी हा कठीण भाग अनेक ठिकाणी टिकून राहिला. नंदुरबार व धुळे जिल्ह्यांत मैलोगणती पसरलेल्या, कोटाच्या भिंतीसारख्या अरुंद टेकड्या दिसतात, त्या याच. भूशास्त्रज्ञ त्यांना ‘भित्ती’ म्हणतात.

या भित्तींचा शेतकऱ्याशी संबंध येतो तो पाण्यामुळे. अखंड भित्ती भूगर्भातील प्रवाहाला आडवी आली, तर ती बंधाऱ्याचे काम करते. तिच्या वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी टिकते, खालच्या अंगाच्या विहिरी लवकर आटतात. उलट, भित्तीला तडे गेलेले असतील, तर त्याच तड्यांतून पाणी झिरपत पुढे जाते. एकाच शिवारात एका विहिरीवर मळा फुलतो आणि शेजारची विहीर फाल्गुनातच तळ दाखवते, त्याचे कारण कित्येकदा अशा भित्तीत सापडते.

म्हणूनच विहीर खोदण्यापूर्वी, त्याचप्रमाणे खडीसाठी टेकडी फोडण्यापूर्वी, तिची दिशा व तिचे तडे तपासून घेणे हिताचे ठरते. उधन्याच्या मागांवर मजुरी करून गाठीला बांधलेला पैसा गावी विहिरीत घालणाऱ्या कुटुंबाला तर ही तपासणी फारच मोलाची आहे.