बोटवाहू ट्रेलरची रुंदी आणि परदेशातील रस्तेवाहतूक नियम : एक विवेचन

प्रस्तावना

पुण्याहून पौडमार्गे मुळशीकडे जाणारा रस्ता पुढे ताम्हिणी घाट उतरून माणगावजवळ कोकणात पोहोचतो. एका टोकाला खडकवासला व मुळशीचे गोडे पाणी आणि दुसऱ्या टोकाला रायगडची किनारपट्टी असल्याने लहान शिडाची होडी किंवा मोटारबोट ट्रेलरवरून नेण्यासाठी हा मार्ग स्वाभाविक ठरतो. याच मार्गालगत पिरंगुट, भरे, उरवडे या पट्ट्यात लोखंडी फॅब्रिकेशनचे काम करणारे लघुउद्योग आहेत. चार चाके, दोन लांब बीम, काही आडवे चॅनेल आणि पुढे जोडदांडा अशी रचना असलेला ट्रेलर तयार करणे त्यांना अवघड नाही. अडचण निर्माण होते ती असा ट्रेलर दुसऱ्या देशाच्या रस्त्यावर चालवायचा ठरल्यावर. कारण रुंदीची मर्यादा देशागणिक काही सेंटिमीटरनी बदलते आणि तेवढ्या सेंटिमीटरसाठी ट्रेलरची सबंध रचना पुन्हा तपासावी लागते.

हा फेरबदल वरवर पाहता केवळ मापाचा वाटतो. प्रत्यक्षात रुंदी कमी करणे म्हणजे बहुधा वाहनाचे स्थैर्य कमी करणे होय, आणि ही बाब कोणत्याही नियमपुस्तिकेच्या रुंदीच्या कलमात लिहिलेली नसते. प्रस्तुत लेखात याच संबंधाचे विवेचन केले आहे.

मर्यादांचा तपशील

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९३ नुसार मोटार वाहनाची एकूण रुंदी २.६ मीटरपेक्षा अधिक असता कामा नये. युरोपीय संघात १९९६ च्या निर्देशानुसार ही मर्यादा २.५५ मीटर आहे. जाड भिंतींच्या शीतवाहनांना तेवढी २.६० मीटरची सवलत मिळते. ऑस्ट्रेलियात हलक्या ट्रेलरसाठी २.५ मीटरची मर्यादा आहे. अमेरिकेत १९५६ च्या महामार्ग कायद्याने ठरविलेली ९६ इंचांची मर्यादा १९८२ मध्ये १०२ इंचांवर नेण्यात आली. १०२ इंच म्हणजे २.५९ मीटर. त्यामुळे अमेरिकी मापाचा ट्रेलर भारतीय नियमात जेमतेम एका सेंटिमीटरने बसतो. याउलट भारतीय मर्यादा पूर्णपणे वापरून पिरंगुटला बांधलेला ट्रेलर जर्मनीत ५ सेंटिमीटरने आणि ऑस्ट्रेलियात १० सेंटिमीटरने बेकायदा ठरतो.

या आकड्यांमागे रस्ताबांधणीचा इतिहास आहे. १९४९ च्या जिनिव्हा कराराने आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी २.५० मीटर रुंदी गृहीत धरली होती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८३ च्या मानकातही रस्त्याची आखणी करताना विचारात घ्यावयाच्या वाहनाची रुंदी २.५ मीटरच आहे. म्हणजे आपल्याकडे रस्ता २.५ मीटरच्या वाहनासाठी आखला जातो आणि कायदा २.६ मीटरचे वाहन चालवू देतो. सपाटीच्या रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. घाटात तो जाणवतो.

रुंदी मोजायची कोठून कोठपर्यंत?

फेरबदलाचे काम हाती घेण्यापूर्वी त्या देशाचा कायदा रुंदीत काय धरतो आणि काय वगळतो, हे पाहणे अगत्याचे असते. भारतीय नियमात पाठीमागचे दाखविणारा आरसा, संरक्षक दांडी, दिशादर्शक आणि २० मिलिमीटरपर्यंत जाडीची घर्षणपट्टी मोजमापातून वगळली आहे. युरोपात रस्त्याला टेकलेल्या भागालगत टायरची जी फुगवटी येते तीही वगळली जाते. पट्टी कोठे लावायची हे न पाहता वेल्डिंगची मशाल हाती घेणारा कारागीर पुष्कळदा नको ते कापतो.

याहून महत्त्वाचा भेद वाहनाची रुंदी आणि मालाची रुंदी यांतील आहे. ब्रिटनच्या १९८६ च्या नियमांनुसार ट्रेलरवरील माल प्रत्येक बाजूस ३०५ मिलिमीटरपर्यंत बाहेर येऊ शकतो, मात्र एकूण रुंदी २.९ मीटरपेक्षा अधिक होता कामा नये. म्हणून तेथे अरुंद ट्रेलरवर किंचित रुंद होडी ठेवली तरी चालते. जर्मनीत मालासह वाहनाची रुंदी २.५५ मीटरच्या आतच असावी लागते. तेथे होडी हीच अडचण ठरते. भारतात माल बाजूने अनुज्ञेय मर्यादेपलीकडे बाहेर आल्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ मध्ये घातलेल्या उपकलमानुसार वीस हजार रुपये दंड होतो. तेव्हा एकाच होडीसाठी ब्रिटनला एक उपाय पुरतो आणि जर्मनीला दुसराच करावा लागतो.

बहुतेक लहान होड्यांना हा प्रश्न भेडसावत नाही. ऑप्टिमिस्ट होडीची रुंदी सव्वा मीटरच्याही आत असते. ४७० वर्गातील होडी सुमारे १.७ मीटर रुंद असते. दुसऱ्या टोकाला गोव्यातील दिवाडी बेटावरच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली ‘म्हादेई’ आहे. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी जिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ही नौका सुमारे ५ मीटर रुंद. तिची वाट पाण्यातूनच. प्रश्न आहे तो या दोहोंमधील होड्यांचा, विशेषतः दोन सांगाड्यांच्या कॅटॅमरानचा. हॉबी-१६ ही कॅटॅमरान २.४१ मीटर रुंद असून जुन्या ९६ इंचांच्या मर्यादेतही ती बसते. १९७६ ते २००८ या काळात ऑलिंपिकमध्ये असलेली टॉर्नेडो मात्र सुमारे ३ मीटर रुंद. तिला तिरपी करून नेणारे ट्रेलर बनविण्यात आले.

तिरपेपणाचे गणित

तिरपी ठेवलेली होडी किती जागा अडवते हे काढताना एक चूक सर्रास होते. ३ मीटरची रुंदी २.५५ मीटरवर आणायची तर कोसाइनच्या कोष्टकावरून सुमारे ३२ अंशांचा कोन पुरेसा वाटतो. परंतु सांगाड्याला जाडी असते. ती अर्धा मीटर धरली तर आडवी रुंदी ही ३ गुणिले कोनाचा कोसाइन अधिक ०.५ गुणिले कोनाचा साइन अशी येते. ३२ अंशांना हे उत्तर २.८१ मीटर भरते, म्हणजे होडी चांगली पाव मीटर बाहेर राहते. मर्यादेत येण्यासाठी सुमारे ४३ अंश लागतात. त्या स्थितीत होडी जवळपास २.४ मीटर उंच उभी राहते. वाऱ्याचा आडवा दाब झेलणारे हे एक मोठे फळकूटच होय. शिडाच्या होडीला वारा हवा असतो, पण तो रस्त्यावर नव्हे.

दुसरा मार्ग होडीच्याच रचनेत बदल करण्याचा. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले संकल्पक इयान फॅरियर यांनी तीन सांगाड्यांच्या ट्रायमरानचे बाजूचे सांगाडे दुमडण्याची यंत्रणा विकसित केली. त्यांची एफ-२७ ही नौका उघडल्यावर ५.८ मीटर आणि दुमडल्यावर २.५९ मीटर रुंद होते. हा दुसरा आकडा अमेरिकी कायद्याचा आहे हे सांगणे नलगे.

रुंदी आणि स्थैर्य

आता ट्रेलरच्या फेरबदलाकडे वळता येईल. बोटवाहू ट्रेलरमध्ये सर्वांत रुंद भाग बहुधा मडगार्डच्या बाहेरच्या कडांवर असतो. चाके होडीच्या दोन्ही बाजूंस आणि होडी त्यांच्यामध्ये खाली बसविलेली, ही रचना अनेक ट्रेलरमध्ये आढळते. रुंदी घटविण्याचा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे चाके होडीच्या खाली घेणे. त्यामुळे मडगार्डचा प्रश्न मिटतो. पण होडी चाकांच्या वर चढवावी लागते.

येथे साधे यांत्रिकीचे सूत्र उपयोगी पडते. वळणावर वाहन उलटण्याची सीमा ही दोन चाकांच्या मध्यांमधील अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, इतक्या गुरुत्वत्वरणाने मिळते. उदाहरणादाखल पहिल्या रचनेत चाकांमधील अंतर २.३ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.९५ मीटर धरल्यास ही सीमा १.२१ येते. दुसऱ्या रचनेत अंतर १.८ आणि उंची १.२५ मीटर धरल्यास ती ०.७२ वर उतरते. टायर आणि स्प्रिंगच्या लवचीकपणामुळे प्रत्यक्षातील मूल्ये दोन्ही बाबतींत आणखी कमी असतात. कोरड्या डांबरावर टायरची पकड साधारण ०.७ ते ०.८ असते. त्यामुळे पहिला ट्रेलर वेगात वळला तर आधी घसरेल. दुसरा घसरण्याआधीच उलटू शकतो. १४ मीटर त्रिज्येच्या वळणावर दुसऱ्या ट्रेलरची सैद्धांतिक वेगमर्यादा ताशी ३६ किलोमीटर भरते. घाटातल्या उतारावर हा वेग चालकाच्या नकळत गाठला जातो.

याच वळणावर आणखी एक हिशेब करता येतो. ओढला जाणारा ट्रेलर मोटारीच्या मार्गावरून न जाता आतल्या बाजूस सरकतो. मोटारीच्या चाकांमधील लांबी २.७ मीटर आणि जोडणीपासून ट्रेलरच्या ॲक्सलपर्यंतचे अंतर ५ मीटर असेल तर १४ मीटर त्रिज्येला हे सरकणे ढोबळमानाने १.२ मीटर येते. २.५५ मीटरचा ट्रेलर मग ३.७५ मीटर जागा व्यापतो. एकपदरी रस्त्याची मानक रुंदीही ३.७५ मीटरच आहे. ५ सेंटिमीटरचा फरक किरकोळ मानणाऱ्यांनी हे गणित एकदा अवश्य करून पाहावे.

फेरबदलाचा क्रम

म्हणूनच उपायांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. ५ सेंटिमीटर कमी करायचे असतील तर प्रथम मडगार्ड आणि टायर यांमधील अनावश्यक मोकळी जागा पाहावी. प्रत्येक बाजूस सव्वा ते दीड सेंटिमीटर तेथेच सापडू शकतो. त्यानंतर रिमचा ऑफसेट बदलून चाक आत घेता येते. दोन्ही बाजूंस १५ मिलिमीटर आत घेतल्यास एकूण ३ सेंटिमीटर मिळतात आणि गुरुत्वमध्याची उंची तीच राहते. मात्र टायर आणि चॅसी यांत घासणार नाही इतके अंतर उरले पाहिजे, तेही चाक पूर्ण वर उचलले गेलेले असताना. अरुंद टायर हा तिसरा उपाय. त्यात टायरची भारक्षमता घटते, म्हणून होडी, इंजिन, इंधन आणि सामान यांचे प्रत्यक्ष वजन करूनच तो स्वीकारावा.

ॲक्सल मध्ये कापून पुन्हा जोडण्याचा प्रकार सर्वांत शेवटचा, किंबहुना टाळण्याचाच. ॲक्सलच्या मध्यावर चाक नसल्याने तेथे ताण नसतो, हा समज निराधार आहे. भार समान असताना दोन स्प्रिंगांच्या मधल्या सबंध भागात वाकविणारे परिबल सारखेच असते. त्यामुळे मधला सांधाही स्प्रिंगजवळच्या भागाइतकाच राबतो आणि हजारो हादऱ्यांनी तेथेच तडा जाऊ शकतो. योग्य लांबीचा नवा ॲक्सल बसविणे खर्चिक असले तरी शहाणपणाचे आहे.

रुंदी जमली तरी काम संपत नाही. अमेरिकेत जोडणीचा गोळा २ इंचांचा, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा असतो. युरोपात तो ५० मिलिमीटरचा असतो. आठ दशांश मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण मोठ्या मापाची वाटी लहान गोळ्यावर खिळखिळी बसते. युरोपात ७५० किलोहून अधिक वजनाच्या ट्रेलरला ब्रेक आवश्यक असतात आणि मागे त्रिकोणी लाल परावर्तक लागतात. भारतात नोंदणी झालेल्या वाहनात नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल करण्यास कायद्याच्या कलम ५२ ने प्रतिबंध आहे. त्यामुळे निर्यातीसाठीचे माप आरंभीच्या आराखड्यातच घ्यावे लागते. वाहनांच्या प्रमाणीकरणाचे काम करणारी एआरएआय ही संस्था पौड रस्त्यालगतच्या टेकडीवर आहे. पिरंगुटच्या कारखानदारास आराखडा कागदावर असतानाच तेथे चौकशी करता येते.