पेलेटला तेल: कोणत्या बंदुकीत, कशासाठी?

एअर रायफल हातात आली की फुकटचे सल्ले सुरू होतात. त्यातला सर्वांत जुना सल्ला म्हणजे पेलेटला, म्हणजे बंदुकीच्या शिशाच्या छऱ्याला, तेल चोळ, ग्रुप (टार्गेटवर पडलेल्या छिद्रांचा पुंजका) आवळतो आणि नळीही साफ राहते. सांगणारा एक साधा प्रश्न मात्र विचारत नाही: बंदूक स्प्रिंगची की पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेची), आणि मारायचं किती लांब? एका बंदुकीत हेच तेल निरुपयोगी ठरतं, दुसरीत नुकसान करतं आणि तिसरीत खरंच कामाला येतं.

“तेल लावल्यावर बंदूक जोरात मारते”

स्प्रिंगच्या बंदुकीत हे खरंच दिसतं, म्हणून तर हा गैरसमज टिकून आहे. जत्रेत फुगे फोडायला ठेवलेली असते ती, आणि बहुतेकांच्या घरात पहिल्यांदा येते तीही, नळी मोडून भरायची हीच बंदूक. घोडा दाबला की पिस्टन सुटतो आणि त्याच्या पुढची हवा काही मिलिसेकंदांत दाबली जाते. इतक्या झटक्यात दाबलेली हवा शेकडो अंश सेल्सियसपर्यंत तापते. ती अरुंद छिद्रातून थेट पेलेटच्या मागच्या पोकळ घेरावर येते. तिथे तेल असेल तर ते पेट घेतं. बार मोठा होतो, नळीतून निळसर धूर येतो, जळक्या तेलाचा वास पसरतो आणि समोरच्या पत्र्याला नेहमीपेक्षा खोल पोचा पडतो. मारणारा खूश होतो.

पण प्रत्येक बाराला सारखंच तेल जळत नाही, त्यामुळे वेग कधी चढतो तर कधी पडतो. ग्रुप आवळायच्या ऐवजी उभा पसरतो. भडका मोठा असेल तर पिस्टनचं सील करपतं आणि स्प्रिंग लवकर मोडते. शिलाई मशीनचं तेल, डब्ल्यूडी-40, खोबरेल, सगळी याच वाटेने जातात. खोबरेलाची आणखी एक खोड आहे: साधारण 24 अंशांखाली ते थिजतं. डिसेंबरच्या सकाळी पुण्यात डबा उघडाल तर पेलेट एकमेकांना चिकटलेले सापडतील.

मग लोक सिलिकॉन तेलाकडे वळतात. ते सहज पेटत नाही, म्हणून सीलसाठी ते चालतं. धातूवर धातू घासतो तिथे मात्र त्याचं वंगण कच्चं पडतं, म्हणून स्प्रिंगवर किंवा बिजागरीवर ते घालू नये.

“मॅचच्या रायफलमध्ये तेलाने अचूकता वाढते”

ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 मध्ये कैरोत ज्या प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं, त्या 10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर आहे. गुण दशांशात मोजतात. शेजारच्या दोन कड्यांत अडीच मिलिमीटरचं अंतर असतं, म्हणजे पाव मिलिमीटर सरकलात की 0.1 गुण गेला. इथे बंदूक पीसीपी, म्हणजे साधारण 200 बार दाबाची हवा सिलिंडरमध्ये आधीच भरलेली. बाराच्या वेळी हवा फुगते आणि फुगताना थंड होते. त्यामुळे नळीतलं तेल पेटायचा प्रश्न इथे येत नाही.

आता थोडं गणित करू. पेलेट 4.5 मिमी जाडीचा आणि सुमारे 0.53 ग्रॅम वजनाचा असतो. तो सेकंदाला 175 मीटरच्या आसपास निघतो. दहा मीटर जायला त्याला जेमतेम 0.06 सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो 17-18 मिलिमीटर खाली येतो. वेग 2 मीटरने कमी-जास्त झाला तर हे खाली येणं सुमारे 0.4 मिलिमीटरने बदलतं, म्हणजे दीडेक दशांश गुण. तेलाचा एक थेंब वीसेक मिलिग्रॅमचा धरा. तो शंभर पेलेटवर सारखा पसरला तर काही बिघडत नाही. पण एकाच पेलेटच्या घेरात साचला, तर तो पेलेट एकदम चार टक्के जड झाला. तेल चांगलं की वाईट यापेक्षा ते सगळ्या पेलेटवर सारखं लागतं का, हे महत्त्वाचं. बोटाने चोळून ते सारखं लागत नाही.

शिवाय अनेक कारखाने डब्यात भरण्याआधीच पेलेटवर ग्रॅफाइटचा किंवा हलक्या वंगणाचा पातळ हात देतात. त्यावर आपलं तेल चढवून आपण एक सरमिसळ तयार करतो, एवढंच. मोठ्या स्पर्धांचे नेमबाज रायफल शिकंज्यात घट्ट बसवून वेगवेगळे लॉट (कारखान्यात एका खेपेला बनलेले पेलेट) मारून बघतात, आपल्या नळीला मानवणारा लॉट निवडतात आणि त्याचेच डबे साठवतात. त्यांची मेहनत लॉट शोधण्यावर जाते. तेलावर ते वेळ घालवत नाहीत.

पीसीपीबाबत एक ताकीद मात्र विसरू नका: सिलिंडर, पंप किंवा भरायच्या नळीत पेट्रोलियम तेल जाता कामा नये. उच्च दाबाची हवा आणि तेल एकत्र आलं तर स्फोट होऊ शकतो.

“चिंधी काळी निघाली, म्हणजे नळीत शिसं बसलंय”

मॅचच्या वेगाला मऊ शिसं नळीत फारसं चिकटत नाही. चिंधीवर येणारा काळा रंग बहुतेक ग्रॅफाइटचा आणि शिशाच्या भुकटीचा असतो. शिसं खरंच बसतं ते शिकारीच्या किंवा लांब पल्ल्याच्या ताकदवान पीसीपीत, वेग सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास गेला की. तिथे पेलेटवर वंगणाचा पातळ थर द्यावा, कारण दोन साफसफायांमधलं अंतर त्याने वाढतं.

आणि साफसफाई रोज नको. नळी अगदी कोरडी, लख्ख केली की पहिले काही बार इकडे-तिकडे पडतात. वीस-पंचवीस पेलेट गेल्यावर ती पुन्हा बसते. स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी घासणाऱ्यांना हे दुसऱ्या दिवशी सरावाच्या बारांत कळतं. नमद्याचे सफाईचे पेलेट पीसीपीत मारले तरी चालतात, स्प्रिंगच्या बंदुकीत मात्र नाही: ते इतके हलके असतात की पिस्टनला पुढे अडवणारी हवाच उरत नाही आणि तो धाडकन आपटतो. तिथे दोरीला चिंधी बांधून मागून पुढे ओढावी.

“धुऊन तेल लावले की जुने पेलेट नवे होतात”

धुतल्याने भुकटी जाते, तसा कारखान्याचा लेपही जातो. उघडं शिसं दमट हवेत पांढरट पडतं. कोकणात पावसाळ्यात तर पटकन. त्यामुळे धुतलेच तर लगेच पुरते वाळवून वंगणाचा हलका हात द्यायलाच हवा. पांढरी पूड धरलेले पेलेट मात्र तेलाने सुधारत नाहीत, ते फेकून द्यावेत. त्यापेक्षा झाकण घट्ट लावून डबा कोरड्या जागी ठेवणं सोपं.

तरीही तेल लावून बघायचंच असेल, तर नीट बघा. एकाच लॉटचे पेलेट घ्या आणि रायफल टेकूवर ठेवा. आधी कोरड्या पेलेटचे दहा-दहा बारांचे चार-पाच ग्रुप मारा. मग तेल लावलेले घ्या, पण त्यांचे पहिले पंचवीस बार मोजू नका, कारण नळी तेव्हा जुन्या थरावरून नव्यावर जात असते. शेवटी पुन्हा कोरड्यावर या. दोन्ही कोरड्या खेपांपेक्षा तेलाची खेप स्पष्ट सरस निघाली तरच ते तेलाचं श्रेय. पाच बारांचा एक सुंदर ग्रुप मोबाइलवर पाठवायला छान, पण त्यातून काही सिद्ध होत नाही.

शेवटी हातांचं: तेलकट पेलेटने शिशाची भुकटी बोटांना जास्त चिकटते. शिसं शरीरात किती गेलं तर सुरक्षित, अशी कोणतीही मात्रा जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. म्हणून पेलेट तोंडात धरू नका, रेंजवर डब्याशेजारी वडापाव उघडू नका, आणि घरी जाण्याआधी साबण लावून हात धुवा. लहान मुलं सराव करत असतील तर त्यांचे हात धुतले गेलेत ना, हे स्वतः बघा.