अंतराळयानांतील सांडपाणी व नत्राचा हिशेब

अंतराळयानाचा विषय शेतकऱ्यांच्या मासिकांत पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु गोठ्यांतील मूत्र वायां जाऊं नये म्हणून जनावरांखालीं पाचोळा पसरणाऱ्यास जी काळजी असते, तीच आज अंतराळशास्त्रज्ञांसहि लागली आहे.

आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर पाण्याची एक घागर नेण्यास अतोनात खर्च येतो. म्हणून तेथील मंडळी २००९ सालापासून स्वतःचें मूत्र यंत्रानें शुद्ध करून पितात. श्वासाची व घामाची वाफहि गोळा केली जाते. शेंकडा ९८ पाणी परत मिळूं लागल्याचें अमेरिकेच्या नासा संस्थेनें २०२३ सालीं जाहीर केलें. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य जमाबंदीच्या वह्यांत गेलें असल्यामुळें हा हिशेब त्यास प्रथम पुरा वाटला. परंतु पाण्याचा रकाना जुळला, तरी नत्राचा जुळत नाहीं. मूत्र नासूं नये म्हणून त्यांत तीव्र अम्ल घालतात, आणि पाणी काढून घेतल्यावर उरलेल्या दाट गाळाबरोबर नत्र टाकून देतात. अन्न पृथ्वीवरून जातें तोंवर हें ठीक आहे. मंगळाच्या दोन-तीन वर्षांच्या प्रवासांत रसद पोहोंचणार नाहीं; अन्न यानांतच पिकवावयाचें, तर नत्र कोठून आणावा?

येथें सूक्ष्म जंतूंचें काम पडतें. मूत्रांतील युरियाचा अमोनिया होतो; एका जातीचे जंतु त्याचें नायट्राईट करितात, दुसऱ्या जातीचे त्याचें नायट्रेट करितात, आणि तें पिकाचीं मुळें घेतात. आपल्या जमिनींत हेंच नित्य चालतें. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें हे जंतु वेगळे करून दाखविले. युरोपीय अंतराळसंस्थेच्या ‘मेलिसा’ योजनेंत बार्सिलोनाजवळ ते एका उभ्या नळकांड्यांत, बारीक दाण्यांवर बसवून पाळले आहेत. त्यांनीं केलेल्या नायट्रेटावर स्पिरुलिना नांवाचें शेवाळ वाढवावें, त्यानें माणसास प्राणवायु व अन्न द्यावें, असा बेत आहे. तूर्त माणसाच्या जागीं उंदीर ठेविले आहेत.

काम नाजूक आहे. हे जंतु फार सावकाश वाढतात. दुसरी जात मागें पडली, कीं विषारी नायट्राईट सांचतें. शिवाय पाणी आंबट होत जातें. वजनरहित स्थितींत हवेचे बुडबुडे वर चढत नाहींत, म्हणून जंतूंस प्राणवायु पोंचविणें हेंहि एक संकटच. शेतांत हा सारा गोंधळ माती सांवरून घेते. यानांत माती नाहीं.

जर्मनीनें डिसेंबर २०१८ मध्यें सोडलेल्या एका उपग्रहांत टोमॅटोचें बीं आणि कृत्रिम मूत्राचें खत करणारे जंतु पाठविले होते. परंतु यंत्राच्या आज्ञावलींत दोष निघाला, हरितगृह चालूंच झालें नाहीं, आणि बीं रुजल्यावांचून राहिलें.