विषावाचून मरण (लेखांक ७)

मागच्या लेखांकात आपण पेशींवर थेट घाव घालणारी रसायने पाहिली. वारणानगरच्या टापूत मामला वेगळा आहे. इथली अर्थव्यवस्था ऊस आणि दुधावर उभी. इथे वारणा नदीत काही सांडलेच, तर ते बहुधा खाण्यापिण्याच्या मालातूनच आलेले असणार. म्हणून साखर कारखान्यातल्या मळीचा विषय निघाला की हमखास ऐकू येते : मळी कसले रसायन? ती तर जनावरांच्या खाद्यात घालतात. हे खरेच आहे. पण माशांच्या मरणाशी त्याचा फारसा संबंध नाही. मळी माशाला विष घालत नाही, ती त्याचा श्वास काढून घेते. नुकसानीचा हिशेब या दुसऱ्या गोष्टीवरून मांडायला हवा, आणि तो आपण मांडत नाही, असे माझे म्हणणे आहे.

साधारण २५ अंश तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात मासे आणि वन्यजीवांसाठी किमान ४ मिलिग्रॅमची अट आहे. म्हणजे नदीची शिल्लक मुळातच तुटपुंजी. मळीतली साखर पाण्यात उतरली की जिवाणू तिच्यावर तुटून पडतात, आणि ती पचवताना हाच प्राणवायू वापरतात. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशची ही प्राणवायूची भूक (बीओडी) लिटरमागे ४० ते ६० हजार मिलिग्रॅमपर्यंत भरते. नदीत सोडायच्या सांडपाण्याला मर्यादा आहे ३० ची. मधला ५० हजारांचा आकडा धरला, तर एक लिटर स्पेंटवॉश साडेबारा हजार लिटर पाण्याला आठावरून चारावर आणू शकतो. दहा हजार लिटरचा एक टँकर म्हणजे साडेबारा कोटी लिटर पाणी. हा कागदावरचा हिशेब झाला. वाहत्या नदीला हवेतून प्राणवायू परत मिळत राहतो. पण उन्हाळ्यात कोल्हापुरी बंधाऱ्याला बरगे घातलेले असतात, पाणी तुंबून तापलेले असते, तेव्हा ही भरपाई फार सावकाश होते. दुधाची गोष्ट वेगळी नाही. त्याची बीओडी तर लाखाच्या घरात जाते, आणि दुधाला कुणी विष म्हणणार नाही.

सप्टेंबर २०१३ मध्ये होनोलुलू बंदरात जहाजावर मळी चढवणारी नळी फुटली आणि सुमारे १४०० टन मळी समुद्रात गेली. ती पाण्याहून जड, त्यामुळे थेट तळाशी बसली. २६ हजारांहून अधिक मासे आणि इतर जलचर मेलेले सापडले. मे २०१८ मध्ये पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील कीडी अफगाणा इथल्या साखर कारखान्यातून मळी बियास नदीत उतरली. पाणी तपकिरी झाले आणि मेलेले मासे तरंगू लागले. सिंधू नदीतील डॉल्फिनचा भारतातला शेवटचा आसरा याच नदीत आहे. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. वारणा हरिपूरला याच कृष्णेला मिळते.

यावर एक आक्षेप असा की, एक पावसाळा गेला की मासे परत येतात, मग एवढा गहजब कशाला? मासे येतात, पण कोणते, ते पाहावे. प्राणवायू घसरला की मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. मरळ आणि मागूर थेट हवेतून श्वास घेऊ शकतात, ते तग धरतात. चिलापीही बरीच चिवट. कटला, रोहू मात्र आधी जातात. तळाच्या शिंपल्यांना तर पळताच येत नाही. ते शिंपा मिटून थांबतात, आणि पाणी लवकर सुधारले नाही तर तिथेच संपतात. अशा दोनचार घटनांनंतर नदी माशांनी भरलेलीच दिसते, फक्त तिच्यात चिवट तेवढेच उरलेले असतात. मगर आणि पाणमांजर हवेत श्वास घेतात म्हणून गुदमरत नाहीत, पण त्यांचे ताट रिकामे होते. बगळ्यांची एक दिवस चंगळ आणि मग उपासमार.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : नदीत शहरांचे मैलापाणीही येते, मग बोट कारखान्यांकडेच का? मैलापाण्याचा वाटा मोठा आहेच, आणि पंचगंगेकडे पाहून तो कुणी नाकारू नये. पण मैलापाणी रोज येते, नदी त्या ओझ्याखाली आधीच वाकलेली असते. कारखान्यातली सांडलवंड एकदम येते. मैल्यामुळे प्राणवायू पाचावर उतरलेल्या नदीला चाराखाली ढकलायला थोडी मळीही पुरते. मैलापाणी हे सांडलवंडीला माफ करण्याचे कारण नव्हे, तिच्याबाबत जास्त कडक राहण्याचे कारण आहे. आता मद्यार्क कारखान्यांनी सांडपाणी बाहेर सोडायचेच नाही असा नियम आहे, हेही सांगितले जाते. तो नियम रोजच्या कामकाजाला लागू पडतो. टाकी ओसंडते किंवा स्पेंटवॉश साठवायच्या लगूनचा (तळ्याचा) बांध फुटतो, तो दिवस रोजचा नसतो.

खरी अडचण पुराव्याची आहे. प्राणवायूचा नमुना काचेच्या बुचाच्या बाटलीत बुडबुडा न राहू देता भरावा लागतो आणि नदीकाठीच त्यात रसायने घालून तो बांधून ठेवावा लागतो. बीओडीची आपल्याकडची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते. पथक पोहोचेपर्यंत मळीचा लोंढा पुढच्या बंधाऱ्याच्याही खाली गेलेला असतो, आणि मेलेले मासे लोकांनी पोती भरून नेलेले असतात. म्हणून बंधाऱ्यांवर प्राणवायू सतत नोंदवणारे मापक हवेत, आणि दंड ठरवताना पाण्याच्या बाटलीइतकेच वजन तळाच्या शिंपल्या-खेकड्यांच्या पाहणीला हवे. पाणी वाहून जाते. शिंपल्यांची रिकामी टरफले मात्र महिनोन्‌महिने तळाशी मोजता येतात.