गुदाशयातील अर्बुदांवरील गुदमार्गी सूक्ष्मशस्त्रक्रिया

मोठ्या आतड्याच्या शेवटच्या सुमारे १५ सेंमी. लांबीच्या भागास गुदाशय असे म्हणतात. कटिभागातील हाडांच्या अरुंद पोकळीत तो खोलवर वसलेला असून मूत्राशय, जननेंद्रिये व त्यांचे मज्जातंतू त्यास लागूनच असतात. त्यामुळे येथील अर्बुद काढणे हे काम शस्त्रवैद्यास नेहमीच अवघड वाटत आले आहे. १९०८ मध्ये लंडन येथील अर्नेस्ट माइल्स यांनी उदर व गुदपरिसर अशा दोन्ही मार्गांनी संपूर्ण गुदाशय काढण्याची पद्धती प्रसिद्ध केली. कर्करोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण तिच्यामुळे घटले. परंतु गुदद्वारही काढावे लागत असल्याने रुग्णास पोटावरील कृत्रिम मलद्वारासह उर्वरित आयुष्य कंठावे लागे. पुढे अनेक रुग्णांत गुदद्वार राखणे शक्य झाले. तथापि शस्त्रक्रिया मोठीच राहिली आणि तिच्यानंतर मलमूत्रविसर्जनात व लैंगिक कार्यात बिघाड होण्याचा संभवही राहिला.

सौम्य अथवा अगदी प्राथमिक अवस्थेतील अर्बुदासाठी एवढी किंमत मोजावी काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. गुदद्वारातून साध्या उपकरणांनी अर्बुद काढण्याची रीत होती. पण तिची पोहोच गुदाशयाच्या खालच्या भागापुरतीच असे व दृष्टीही अपुरी पडे. जर्मनीतील गेर्हार्ड ब्यूस यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी ही अडचण दूर केली. त्यांच्या पद्धतीत ४० मिमी. व्यासाची नळी गुदद्वारातून आत बसवून शस्त्रक्रियेच्या मेजास पक्की करतात. कार्बन डाय-ऑक्साइड वायू सोडून गुदाशय फुगविला जातो व द्विनेत्री दुर्बिणीतून आतील भाग मोठा व खोलीसह दिसतो. लांब, बारीक उपकरणांनी अर्बुदाभोवतीच्या निरोगी भागाच्या किनारीसह भित्तीचा तेवढाच तुकडा काढून जखम आतूनच शिवता येते. पोटावर छेद घ्यावा लागत नाही. २०१० मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा येथील शस्त्रवैद्यांनी उदरातील दुर्बीण-शस्त्रक्रियेची नेहमीची साधने वापरून हेच कार्य साधण्याची पद्धती प्रसिद्ध केली. त्यामुळे खास, महागड्या यंत्रावाचूनही ते शक्य झाले.

मात्र या पद्धतीची मर्यादा नीट ध्यानी घेतली पाहिजे. तिने गुदाशयाची भित्ती काढली जाते. सभोवारच्या मेदातील लसीका ग्रंथी तशाच राहतात. सौम्य अर्बुद तेथे पसरत नसल्यामुळे त्यास ही शस्त्रक्रिया पुरेशी ठरते. कर्करोगाची गोष्ट निराळी आहे. तो श्लेष्मकलेखालच्या थरात शिरला, पण स्नायुस्तरापर्यंत पोहोचला नाही, तरीसुद्धा साधारणतः दहा रुग्णांपैकी एखाद्याच्या लसीका ग्रंथींत त्याच्या पेशी आढळतात. या थरात तो जितका खोल गेला असेल तितका हा धोका वाढतो.

म्हणूनच रुग्णाची निवड हा या उपचाराचा खरा पाया होय. शस्त्रक्रियेपूर्वी श्राव्यातीत ध्वनी व एम.आर.आय. यांच्या साहाय्याने अर्बुदाची खोली अजमावतात. परंतु हा अंदाज कधी कधी चुकतो. अंतिम निर्णय काढलेल्या तुकड्यावरूनच होतो. तो अखंड काढून, ताणून टाचणीने फलकावर बसवून विकृतिविज्ञाकडे पाठवितात. कडा अर्बुदमुक्त आहेत काय, पेशींचे स्वरूप कितपत उग्र आहे, रक्त वा लसीका वाहिन्यांत शिरकाव झाला आहे काय, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते. उत्तरे अनुकूल आल्यास रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेतून वाचतो व त्यास नियमित तपासणीखाली ठेवणे पुरते. ती प्रतिकूल असल्यास संपूर्ण गुदाशय काढण्याचा सल्ला सामान्यतः देण्यात येतो.

ही शक्यता रुग्णास आधीच समजावून सांगणे हे वैद्याचे कर्तव्य होय. लहान जखमेच्या समाधानात रोग मागे राहू नये आणि रोगाच्या भयाने अकारण मोठे अपंगत्वही येऊ नये, या दोहोंमधील विवेकावरच या पद्धतीचे यश अवलंबून आहे.