पोटावरची पिशवी

आज ज्या विषयावर बोलणार आहे, तो आपण चारचौघांत काढत नाही. विषय शौचाचा आहे. कुणी जेवायला बसलं असेल तर आधीच माफी मागते.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. २०१६ साली मला गुदाशयाचा कर्करोग निघाला. त्याआधी सात-आठ महिने रक्त पडत होतं आणि मी मूळव्याध समजून चूर्ण घेत होते. तपासणी झाली तेव्हा गाठ अगदी खाली, गुदद्वाराच्या स्नायूंपर्यंत पोचली होती. ती काढायची म्हणजे शौचाची वाटच बंद करावी लागणार होती. मग मळ कुठून यायचा? डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. मोठ्या आतड्याचं टोक पोटाच्या डाव्या बाजूने बाहेर आणतात, कडा दुमडून कातडीला शिवतात. या तोंडाला स्टोमा म्हणतात. ग्रीक भाषेत शब्दाचा अर्थच तोंड. दिसायला ते गालाच्या आतल्या बाजूसारखं लाल, ओलसर. हात लागला तरी त्याला दुखत नाही. पण त्याला आवळून धरणारा स्नायूही नसतो, म्हणून पिशवी.

"यापेक्षा मेलेलं बरं," म्हणून मी घरी निघून आले. पाच आठवडे 'पिशवीविना' उपाय शोधत फिरले. गाठ काही माझ्यासाठी थांबली नव्हती.

शेवटी डॉक्टरांनी मंडईत भाजी विकणाऱ्या एका बाईंना माझ्याकडे पाठवलं. अर्धा तास आम्ही मेथीच्या भावावर बोललो. मग त्या म्हणाल्या, "बाई, वास आला का काही? माझी पिशवी आत्ता निम्मी भरलीय." मी दुसऱ्या दिवशी होकार कळवला.

माझी ती कोलोस्टॉमी, म्हणजे मोठ्या आतड्याची. मळ बराचसा घट्ट येतो. लहान आतडं बाहेर आणलं तर इलिओस्टॉमी. त्यात मळ पातळ आणि दिवसभर येतो, त्यामुळे पाणी आणि मीठ कमी पडू द्यायचं नाही, आणि मक्याचे दाणे, शेंगदाणे नीट चावून खायचे, नाहीतर अडकतात. मूत्राशय काढलेल्यांना लहान आतड्याचाच एक तुकडा वापरून लघवीची वाट करून देतात. काहींचा स्टोमा तात्पुरता असतो. खालची जखम भरली की काही महिन्यांनी आतडं परत आत जोडतात. तेव्हा डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारावा, की माझा कायमचा की तात्पुरता?

सगळी मेख असते चिकट चकतीत. पिशवी तिच्यावर बसते. चकतीचं भोक स्टोमापेक्षा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मोठं कापायचं. जास्त मोठं झालं की मळ कातडीला लागतो, कातडी सोलवटते, आणि सोलवटलेल्या कातडीवर चकती चिकटत नाही. स्टोमा पहिले सहा-आठ आठवडे आकसत जातो, म्हणून माप पुन्हा पुन्हा घ्यायचं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. महिनाभर जुन्याच मापाने कापत राहिले आणि रात्र-रात्र आग सोसली.

ही चिकटणारी पिशवी १९५४ साली डेन्मार्कमधल्या एलिसे सॉरेन्सन नावाच्या परिचारिकेला सुचली. स्टोमा झालेली तिची बहीण गळतीच्या भीतीने घराबाहेर पडेनाशी झाली होती. त्याच दशकात अमेरिकेत क्लीव्हलँडला डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी कातडी जपायला कराया डिंक वापरला. हा डिंक आपल्या रानातल्या पांढऱ्या सालीच्या कांडोळ झाडाचा! आता चकत्यांत दुसरी द्रव्यं असतात, पण मला ही गोष्ट कळली तेव्हा उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

एक तक्रार मात्र आहे. ऑपरेशनआधी रुग्णाला बसवून, उभं करून, वाकवून पोटावर पेनाने खूण करायची असते. माझ्या बाबतीत ती केली नाही. स्टोमा आला नेमका परकराच्या नाडीच्या रेषेत. नाडी बांधली की चकती उचकटायची. आता परकर वर बांधते. बायांनो, खूण करून घेतल्याशिवाय ऑपरेशनला जाऊ नका.

घरी आल्यावर मी देवघरात पाऊल टाकलं नाही. पंगतीतही बसेना. सासूबाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या, सोवळ्याच्या कडक. तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "अगं, तान्हं पोर मांडीवर घेऊन आपण देवापुढे बसतोच की. ऊठ, निरांजन लाव." त्या संध्याकाळी मी लावलं.

पिशव्यांचा खर्च मात्र किराणासारखा दर महिन्याला उभाच. काही जण काटकसर म्हणून चकती आठवडा-आठवडा ओढतात आणि कातडी घालवून बसतात.

आता मला वॉर्डात बोलावतात. परवा एक तरुण रिक्षावाला भेटला. ऑपरेशनची तारीख त्याने दोनदा पुढे ढकलली होती. त्याचा प्रश्न एकच, "मावशी, खड्ड्यात रिक्षा आदळली तर सुटेल का?" मी म्हटलं, एक तृतीयांश भरली की रिकामी कर, दर तीन-चार दिवसांनी चकती बदल, कमरेला पट्टा लाव. आणि स्टोमा काळपट पडला किंवा पोट फुगून काहीच येईना, तर रिक्षा थेट दवाखान्याकडे वळव. त्याने चकती मागून घेतली, हाताच्या पंज्यामागे चिकटवली आणि ओढून ओढून पाहिली. सोमवारी तो भरती झाला.