घर आपले, पण कागद कोणाच्या नावे?

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे नगरपरिषदेचे गाव. कर्नाटकाची सीमा जवळ असल्याने घरात कन्नड आणि कचेरीत मराठी, अशी येथील रीत. अशा गावांतून मालकीचा पुरावा मागितला की घरपट्टीची पावती पुढे केली जाते. किंवा ट्रंकेत जपून ठेवलेला, नोटरीचा शिक्का असलेला शंभर रुपयांचा मुद्रांक काढला जातो. हे दोन्ही कागद मालकी सिद्ध करीत नाहीत. ही गोष्ट बहुधा कर्ज घेताना किंवा भावाभावांत वाद उद्भवल्यावरच ध्यानी येते, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

नगरपरिषदेच्या कर आकारणी नोंदवहीतील नाव एवढेच सांगते की कर कोणाकडून वसूल करावयाचा. मालकी येते ती दस्ताने किंवा वारसाहक्काने. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदविणे सक्तीचे आहे. बक्षीसपत्राला तर किमतीची ही मर्यादाही नाही. नोंदणी नसेल तर कलम ४९ नुसार त्या दस्ताने मिळकतीवर हक्क निर्माण होत नाही. नोटरी केवळ सही कोणी केली याची साक्ष देतो. तो नोंदणी करीत नाही. मुखत्यारपत्रावर झालेली ‘विक्री’ ही विक्री नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे.

मग जुन्या कागदाचे काय करावे? दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदवावा लागतो. दंड भरून आणखी चार महिने मिळतात. त्यानंतर तोच कागद नेऊन उपयोग नाही. विकणारा हयात असेल तर त्याच्याकडून, नसेल तर त्याच्या सर्व वारसांकडून नवे खरेदीखत करून घेणे हा सरळ मार्ग. एकही वारस वगळला तर त्याचा हिस्सा अधांतरी राहतो. वारस सही देत नसतील तर दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. विकणारा हयात असतानाच हे काम उरकणाऱ्यांचा मनस्ताप वाचतो, असा आमचा अनुभव आहे.

गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या जागांची अडचण निराळी होती. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणापेक्षा लहान तुकड्याची खरेदी कायदेशीर ठरत नसे, म्हणून लोक नोटरीकडे वळले. दोष सर्वस्वी त्यांचा नव्हता. असे व्यवहार नियमित करण्याची वाट २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या पंचवीस टक्के शुल्कावर खुली झाली. ते शुल्क २०२४ मध्ये पाच टक्क्यांवर आले. २०२५ च्या दुरुस्तीने नागरी हद्दीतील, १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातील तुकड्यांसाठी ते माफ झाले. मैंदर्गी नगरपरिषद हद्दीत असल्याने ज्यांची जागा या वर्गातील आहे त्यांनी तहसील कचेरीत अवश्य चौकशी करावी. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी मात्र भरावीच लागते.

नोंदणी झाली म्हणजे सर्व झाले, असेही नव्हे. शेतजमीन असेल तर फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव यावे लागते. नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिकेवर नाव लावून घ्यावे. तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत वर्दी द्यावी. सातबारा स्वतः मालकी देत नाही, परंतु विरुद्ध सिद्ध होईपर्यंत तो खरा मानला जातो, आणि व्यवहारात हे गृहीतकच मोलाचे ठरते. वतनाची, पुन्हा बहाल झालेली जमीन ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना तिचा व्यवहार करू नये.

वारसनोंदीबाबत आपल्या समाजात एक गैरसमज आढळतो. ख्रिस्ती व्यक्ती मृत्युपत्र न करता निधन पावली तर हिंदू वारसा कायदा नव्हे, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मुले असतील तर विधवेस एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींस समसमान. लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचा हिस्सा तितकाच आहे. तो तिला सोडावयाचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. तोंडी ‘मला काही नको’ पुरेसे नाही. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नसली तरी इष्ट आहे. मात्र मृत्युपत्रानंतर करणाऱ्याने विवाह केला तर याच कायद्याने ते रद्द होते, हे पुनर्विवाह करणाऱ्या विधुरांनी ध्यानात ठेवावे.

शेवटी नावाविषयी. आजोबांचे सातबाऱ्यावरील नाव एक आणि बाप्तिस्मा नोंदवहीतील नाव दुसरे, असे असेल तर वारसनोंद अडकू शकते. अशा वेळी धर्मग्रामातून बाप्तिस्मा व विवाहाचे उतारे घ्यावेत आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र त्यांसोबत जोडावे. उतारा मागताना वडिलांचे नाव आणि अंदाजे वर्ष सांगितल्यास नोंदवही शोधणे सोपे जाते.